मागच्या ब्रेकचा आतला पॅड

कोकणात पावसाळाभर मोटरसायकल चालवली की मागचे ब्रेक पॅड बऱ्याचदा पुढच्यांच्या आधी संपतात. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो आणि थांबवण्याचं मोठं काम पुढचं चाक करतं, हे खरंच आहे. पण झिजण्याचा हिशेब वेगळा. पुढचं चाक जो राडा उडवतं, तो मागच्या चाकावर आणि कॅलिपरवर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागावर, येऊन बसतो. आमच्याकडची माती जांभ्याची, लाल, आणि तिच्यात बारीक खर असते. पाण्यात कालवली की डिस्क आणि पॅडच्या मध्ये ती पॉलिश पेपरचं काम करते. त्यात ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक ओढायला अनेकांचा हात धजावत नाही, पाय मात्र लगेच पेडलवर जातो. घाट उतरताना तर कित्येकजण पेडलवर पाय ठेवूनच खाली येतात. वर मागचे पॅड आकारानेही लहान. मग ते आधी संपले तर नवल नाही.

मी चिपळूणला राहतो, काम फिरतीचं आहे. कधी गुहागरच्या बाजूला जायचं, कधी शिरगाव, अलोरे, पोफळी करत कुंभार्ली घाट चढायचा आणि हेळवाक, कोयनानगरवरून पाटण-कराडकडे. मोसमात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा भाग. गाडी साडेतीनशे सीसीची, दोन्ही चाकांना डिस्क. कुठल्या कंपनीची याने इथे फरक पडत नाही, कारण मागच्या चाकाला एका पिस्टनचा, पिनांवर सरकणारा कॅलिपर ही बांधणी आज कितीतरी गाड्यांवर सारखीच दिसते.

मागचे पॅड मी वर्षातून दोनदा नीट तपासतो. एकदा पाऊस सुरू होण्याआधी आणि एकदा श्रावणात, पहिली चांगली उघडीप मिळाली की. दुसरी तपासणी गणपतीच्या आधी उरकायची, कारण त्या दिवसांत रस्त्यावर गर्दी, मागे माणूस, हातात सामान आणि घाटात गाड्यांच्या रांगा. हा अनुभव यंदाच्या श्रावणातल्या तपासणीचा.

सोबत शेजारचा मुलगा होता. कॉलेजला जातो, गाडीची आवड आहे, हाताखाली उभा राहून शिकतो. त्याने सुरुवातीलाच विचारलं, "पण दादा, तुमचा ब्रेक तर मस्त लागतोय. मग उघडायचा कशाला?"

हा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि पॅड तपासण्याचं सगळं कारण त्याच्या उत्तरात आहे. ड्रम ब्रेकचं लायनर, म्हणजे आतला घासणारा थर, झिजलं की पेडल खाली खाली जायला लागतं, नट आवळावा लागतो, म्हणजे झीज पायाला कळते. डिस्क ब्रेकला तसं होत नाही. कॅलिपरमधल्या पिस्टनभोवती एक रबरी सील असतं. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जातो आणि ते सील त्याच्याबरोबर किंचित वाकतं. ब्रेक सोडला की सील सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं. पॅड झिजला की पिस्टनला जास्त पुढे यावं लागतं, तेव्हा तो सीलमधून तेवढा सरकतो आणि पुढच्या जागी स्थिरावतो. मागे रिकामी झालेली जागा टाकीतलं ब्रेक ऑइल भरून काढतं. त्यामुळे नव्या पॅडवर पेडल जिथे लागतं, जवळजवळ तिथेच ते संपत आलेल्या पॅडवरही लागतं. पायाला काहीच कळत नाही. कळतं ते लोखंड लोखंडाला घासल्याचा आवाज आल्यावर, आणि तोवर डिस्कवर चरे पडलेले असतात. पॅडचा जोड काहीशे रुपयांत येतो, डिस्कला हजारांत पैसे मोजावे लागतात. पैशांचं एक वेळ सोडून द्या, पण ओल्या घाटात उताराच्या वळणावर मसाला, म्हणजे डिस्कला घासणारा थर, संपलेला पॅड डिस्कला नीट धरत नाही. मला काळजी त्याची असते.

एबीएसमुळेही बऱ्याच जणांचा गैरसमज झालाय. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं आणि लोकांना वाटायला लागलं की ब्रेकची चिंता मिटली. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. पॅडवर मसाला किती उरलाय हे त्याला समजत नाही. शिवाय अनेक गाड्यांना ते फक्त पुढच्या चाकाला असतं.

तर पहिली नजर ब्रेक ऑइलच्या टाकीवर. मागच्या ब्रेकची छोटी टाकी उजव्या बाजूला, पेडलच्या वरच्या अंगाला असते. माझ्या गाडीवर ती फ्रेमच्या आडून डोकावते. गाडी सपाट जागेवर सरळ उभी करून बघितलं तर ऑइल खालच्या रेघेच्या जेमतेम वर होतं. पावसाआधी ते वरच्या रेघेजवळ होतं. गळती असेल तर ऑइल उतरतं, म्हणून आधी पाइप, तो कॅलिपरला जोडणारा बॅन्जो बोल्ट आणि कॅलिपरचा खालचा भाग कोरड्या चिंधीने पुसून बघितला. ओल नव्हती. म्हणजे ऑइल गळालं नव्हतं, पिस्टनच्या मागे गेलं होतं. पॅड बऱ्यापैकी झिजलेत, हे इथेच कळलं.

अशा वेळी टाकीत ऑइल ओतून रेघ गाठायची नाही. सर्व्हिसिंगला गाडी दिली की पुष्कळ ठिकाणी हेच होतं. पातळी कमी दिसली की बाटली उघडायची आणि भरायचं. पॅड झिजल्याची ती सहज दिसणारी खूण असते आणि तीच बुजते. पुढे नवे पॅड टाकताना पिस्टन मागे दाबला की तेच जादा ऑइल टाकीतून वर येतं आणि रंगावर सांडतं. ब्रेक ऑइल रंग खातं, हे ज्याच्या पेट्रोलच्या टाकीवर ते सांडलंय त्याला सांगायला नको.

आता प्रत्यक्ष बघणं. गाडी डबल स्टँडला लावली, म्हणजे मागचं चाक मोकळं फिरतं. आधी कॅलिपरवर साधं पाणी मारून नरम ब्रशने माती काढली. जोराचा फवारा मारत नाही, रबरी टोप्यांच्या आत पाणी शिरतं. हवेच्या पाइपनेही धूळ उडवत नाही. पॅडची धूळ नाकातोंडात जाऊ नये, म्हणून ओली करूनच काढायची. माती निघाल्यावर गाडीच्या मागे खाली बसलो आणि मोबाइलचा टॉर्च डिस्कच्या कडेच्या रेषेत धरला. या कोनातून डिस्क एका पातळ पात्यासारखी उभी दिसते आणि तिच्या दोन्ही बाजूंना पॅड. प्रत्येक पॅडचे दोन थर असतात. बाहेरचा लोखंडी पत्रा आणि डिस्कला टेकलेला काळपट मसाला. मापायचा तो फक्त मसाला. पत्र्यासकट जाडी बघून "अजून भरपूर आहे" म्हणणारे मी खूप बघितलेत.

बाहेरचा पॅड बसल्या जागेवरून स्पष्ट दिसला. मसाला तीन मिलिमीटरच्या आसपास, झीज कळावी म्हणून मध्ये पाडलेली खाच अजून ठळक. नवा असताना चारच्या आसपास होता. म्हणजे काही बिघडलेलं दिसत नव्हतं.

"बघा," पोरगा म्हणाला, "निम्म्याच्या वर आहे. झालं की काम!"

म्हटलं, "हा बाहेरचा. आतला बघितलास का?"

चाकाकडचा पॅड तसा दिसत नाही. एका बाजूला स्पोक, दुसऱ्या बाजूला स्विंगआर्म, वर कॅलिपरचं धूड. बहुतेक लोक बाहेरचा पॅड बघून उठतात, गॅरेजमध्येही घाईच्या वेळी तेवढंच होतं. दोन्ही पॅड सारखेच झिजणार असं धरून चालतात. कॅलिपर मोकळा सरकत असेल तर ते सारखे झिजतातही. पण कोकणातल्या पावसात कॅलिपर मोकळा सरकेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

आतल्या पॅडसाठी मी दोन गोष्टी करतो. एक छोटा आरसा स्पोकच्या मधून आत धरतो आणि टॉर्च बाहेरून मारतो. आणि मोबाइल खालून वर, चाक आणि कॅलिपरच्या फटीत धरून व्हिडिओ काढतो. एकाच फोटोत कोन साधत नाही. व्हिडिओत मोबाइल हळूहळू हलवला की कुठल्या तरी क्षणी पॅडची कड नेमकी समोर येते, मग तिथे थांबवून मोठं करून बघायचं. यंदा त्या व्हिडिओत दिसलं ते असं: आतल्या पॅडचा मसाला एका टोकाला दोन मिलिमीटर असेल-नसेल आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम एक. पाचरीसारखा तिरका. खाच तर एका टोकाला पुसल्यातच जमा. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत मर्यादा एक मिलिमीटरची आहे, काही गाड्यांना ती दीड असते. ती आपल्या गाडीच्या पुस्तिकेतच बघावी.

पोराने व्हिडिओ दोनदा बघितला. "एकाच ब्रेकचे दोन पॅड, आणि एवढा फरक?"

चाक हाताने फिरवून दाखवलं. पाऊण फेरा फिरलं आणि थांबलं, सोबत सतत खसखस आवाज. डिस्क ब्रेकला पॅड हलके टेकून असतातच, थोडा आवाज चालतो. पण चाक असं अडायला नको. मग पेडल दाबून सोडलं आणि पुन्हा फिरवलं. या वेळी अर्धा फेराही नीट गेलं नाही. याचा अर्थ पॅड डिस्कला धरतो आणि ब्रेक सोडल्यावर पुरता सुटत नाही.

कारण समजून घ्यायला कॅलिपर कसा चालतो ते बघायला हवं. माझ्या गाडीला पिस्टन एकच आणि तो बाहेरच्या बाजूला. पेडल दाबलं की पिस्टन बाहेरचा पॅड डिस्कवर दाबतो. पॅड टेकला की पिस्टनला पुढे जायला जागा उरत नाही. मग उलट जोराने सगळा कॅलिपरच दोन पिनांवरून बाहेरच्या अंगाला सरकतो आणि पलीकडचा, म्हणजे चाकाकडचा पॅड ओढून डिस्कला टेकवतो. असं दोन्हीकडून डिस्क चिमटीत सापडते. ब्रेक सोडला की बाहेरच्या पॅडचा दाब सील कमी करतं. आतल्या पॅडचा दाब मात्र कॅलिपर पिनांवरून परत सरकेल तेव्हाच सुटतो. पिना कोरड्या पडल्या, रबरी टोपी फाटून आत पाणी-माती गेली, गंज धरला, की कॅलिपर तिथेच राहतो. आतला पॅड दिवसभर डिस्कला घासत राहतो. आणि दोनपैकी एकच पिन धरली असेल तर कॅलिपर वाकडा बसतो आणि पॅड तिरका झिजतो. ती पाचर म्हणजे याचीच खूण.

इथवर काही उघडलेलं नव्हतं. ज्याला पाने धरायचे नसतील त्याने इथवर करावं आणि तो व्हिडिओ घेऊन गॅरेजमध्ये जावं. "ब्रेक बघा" म्हणून गाडी लावण्यापेक्षा "आतला पॅड तिरका झिजलाय, चाक अडतंय, सरकायच्या पिना बघा" असं सांगून लावली की काम वेगळं होतं.

मी उघडलं. कॅलिपर जागेवर पक्का असतानाच पॅड धरून ठेवणारी पिन अॅलन कीने सैल करून घ्यायची. कॅलिपर काढल्यावर तो हातात फिरतो आणि पिन सुटत नाही. पिनेच्या टोकाला छोटं झाकण असतं, त्यात माती घट्ट बसते. सुईने ती कोरून काढली, मगच की लावली. अर्धवट बसलेली की फिरवली तर पिनेचं षट्कोनी भोक गोल होऊन जातं आणि मग ड्रिल मारण्याशिवाय इलाज राहत नाही. मग दोन बोल्ट काढून कॅलिपर डिस्कवरून मागे घेतला आणि सुतळीने फ्रेमला बांधून ठेवला. ब्रेकच्या पाइपवर त्याचं वजन लटकवायचं नाही. सगळ्या गाड्यांना हे असंच होत नाही. काहींना कॅलिपरचं ब्रॅकेट चाकाच्या एक्सलमध्ये अडकवलेलं असतं, तिथे क्रम बदलतो.

पॅड बाहेर आले. हातात घेतल्यावर फरक व्हिडिओपेक्षा जास्त जाणवला. बाहेरच्या पॅडचा मसाला सपाट, करड्या रंगाचा, बोट फिरवलं तर एकसारखा. आतल्याचा मसाला एका कडेला काचेसारखा चकाकत होता. सतत घासून तापला की तो असा होतो, आणि मग धरायचा तसा धरतही नाही. व्हर्निअरने माप घेतलं. बाहेरचा दोन्ही टोकांना तीनच्या आसपास, आतला जाड टोकाला दोनच्या किंचित खाली आणि पातळ टोकाला बरोबर एक.

मग पिना. खालची पिन रबरी टोपीतून बोटाने ओढली तशी सरळ बाहेर आली, तिच्यावर जुनं ग्रीस अजून होतं. वरची हलेना. वरच्या रबरी टोपीला कडेला नखाएवढी चीर होती आणि तिच्यातून लाल गाळ आत गेला होता. टोपी उलटवली तर आत वाळलेली माती, अगदी वीटकरी रंगाची, आणि पिनेच्या मधल्या भागावर गंजाचं कडं. गंज सोडवायचं तेल मारलं, थोडा वेळ जाऊ दिला आणि पिन पक्कडीत चिंधी गुंडाळून, डावी-उजवी फिरवत बाहेर काढली. सरळ ओढून ती निघाली नसती.

पिन काचपेपरच्या बारीक कागदाने साफ केली. खड्डे पडलेले नव्हते, त्यामुळे तीच वापरता आली. खड्डे असते तर नवीनच टाकली असती. दोन्ही टोप्या मात्र बदलल्या, फाटलेली एक असली तरी दुसरी त्याच वयाची. पिनांची भोकं ब्रेक क्लीनर मारून स्वच्छ केली आणि सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस पातळसर लावलं. साधं पिवळं ग्रीस इथे चालत नाही. त्याने रबर फुगतं आणि फुगलेल्या रबरात पिन पुन्हा धरते. गावातल्या गॅरेजमध्ये आणि घरच्या कामातही ही गोष्ट सर्रास राहून जाते. पिन साफ करून चुकीचं ग्रीस भरलं की काही दिवस छान चालतं आणि मग आधीपेक्षा वाईट होतं.

पिस्टन बघायला विसरू नये. तो पॅडबरोबर बाहेर आलेला असतो आणि त्याच्या उघड्या भागावर काळा-लाल थर बसलेला असतो. तसाच मागे दाबला तर तो थर सीलवर घासतो आणि गळती सुरू होते. ब्रेक ऑइलमध्ये भिजवलेल्या चिंधीची पट्टी करून पिस्टनभोवती फिरवली. आतल्या बाजूला हात पोचत नाही, तिथे पट्टीच फिरते. धातू चमकायला लागल्यावर टाकीचं झाकण सैल केलं, टाकीभोवती फडकं गुंडाळलं आणि पिस्टन दोन्ही अंगठ्यांनी हळूहळू आत ढकलला. पोराला टाकीवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. "वर येतंय, दादा," तो म्हणाला. ऑइल सरसर वर आलं आणि वरच्या रेघेशी थांबलं. पॅड झिजले म्हणजे ऑइल कुठे जातं, हे त्याने तिथे डोळ्यांनी बघितलं.

डिस्कही तेव्हाच मापली. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, माझ्या डिस्कवर ती साडेतीन मिलिमीटर आहे. व्हर्निअर लावताना एक काळजी घ्यावी लागते. पॅड जिथे घासतो तो पट्टा झिजतो आणि सगळ्यात बाहेरची कड तशीच उंच राहते. व्हर्निअरचे जबडे त्या कडेवर बसले तर माप जास्त येतं. जबडे आत घेऊन, चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मापलं. डिस्क मर्यादेच्या बरीच वर होती, चरेही नखाला लागत नव्हते.

नवे पॅड आणायला बाजारात गेलो. दुकानदार काकांनी दोन प्रकार पुढे ठेवले. एक नेहमीचे, रेझिनमध्ये तंतू बसवून केलेले, आणि एक धातूची पूड दाबून-भाजून केलेले, ज्यांना सिंटर्ड म्हणतात. सिंटर्ड पॅड पाण्यात चांगले धरतात आणि जास्त टिकतात, पण डिस्क जास्त खातात. आणि ज्या डिस्कसाठी कंपनीने ते दिलेले नाहीत, तिथे ते टाकायला मी तयार नाही. मी गाडीला आले होते त्याच प्रकारचे घेतले. काका म्हणाले, "आतला एकटाच बदलशील तर चालेल हो, बाहेरचा चांगला आहे की!" मी जोडच घेतला. एका बाजूला जुना, सरावलेला मसाला आणि दुसऱ्या बाजूला नवा कोरा असला की दोन्हींची पकड सारखी राहत नाही, आणि कॅलिपर नीट सरकतोय की नाही हे पुढच्या वेळी झिजेवरून ओळखताही येत नाही. हे दुसरं कारण मला पहिल्याहून मोठं वाटतं.

बसवताना पॅडच्या मसाल्याला आणि डिस्कला ग्रीसचं बोट लागू दिलं नाही. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसून घेतली. कॅलिपरमधली पत्र्याची स्प्रिंग पॅड खडखडू नयेत म्हणून असते, ती उलटी बसली तर पॅड तिरके राहतात, म्हणून काढण्याआधी तिचा फोटो काढून ठेवला होता. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला, म्हणजे तेवढ्याच जोराने, आवळले.

आणि चाक फिरवून बघण्याआधी पेडल दाबलं. पिस्टन मागे ढकललेला असल्यामुळे पहिल्या दाबांना पेडल पोकळ जातं, थेट खाली. चार-सहा वेळा दाबल्यावर ते कडक होतं. हे घरातच करायचं. नवे पॅड टाकून तसाच रस्त्यावर निघालेला माणूस पहिल्या वळणावर पेडल दाबतो आणि खाली काहीच नसतं. पोराला मी हे इतकं समजावून सांगितलं की त्याने नंतर न सांगता पुन्हा पेडल दाबून बघितलं.

चाक फिरवलं तर तीन-चार फेरे सहज फिरलं. पेडल दाबून सोडलं, पुन्हा फिरवलं, तरी तेवढंच. ब्रेक ऑइलची मुदतही दोन वर्षांची होत आली होती, म्हणून त्याच वेळी ते बदललं. डॉट ४ ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, आणि ओल शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांची आहे. पॅड अडकून घासत असेल आणि घाट उतरताना पायही पेडलवर असेल, तर कॅलिपर तापतो. जुन्या, ओलसर ऑइलची वाफ व्हायला मग फार वेळ लागत नाही आणि पेडल मऊ पडतं. कोकणातल्या दमट हवेत दोन वर्षांची मुदत ताणू नये.

नवे पॅड डिस्कवर बसवायला गुहागर रस्त्यावर सकाळी लवकर गेलो. वेग चाळीसच्या आसपास न्यायचा, मागचा ब्रेक सावकाश दाबत दहावर आणायचा, पूर्ण थांबायचं नाही, आणि थोडं अंतर तसंच जाऊ देऊन डिस्क गार होऊ द्यायची. असं बऱ्याच वेळा. सुरुवातीला पकड कमी वाटते, हळूहळू पेडलला वजन येतं. पहिले काही दिवस घाट टाळला.

मग कुंभार्ली उतरलो. वर हेळवाकला धुकं होतं, रस्ता ओला. दुसऱ्या गिअरवर इंजिनला गाडी धरू दिली, पाय फूटरेस्टवर, आणि वळणाआधी दोन्ही ब्रेक मिळून थोडा वेळ दाबून सोडून दिले. पोफळीत थांबल्यावर कॅलिपरजवळ तळहात नेला, डिस्कला हात लावला नाही. मागून नेहमीएवढीच ऊब येत होती. जळका वासही नव्हता. आतला पॅड अडकत होता त्या आठवड्यांत घाट उतरून थांबलो की एक करपट वास यायचा. मी तो पुढे चाललेल्या ट्रकांच्या ब्रेकचा समजत होतो, कारण त्या घाटात तसा वास नेहमीच असतो. आता मी थांबल्यावर ट्रक निघून जाईपर्यंत उभा राहतो आणि मग मागच्या चाकाजवळ वास घेतो.

शेजारच्या पोराची गाडी शंभर सीसीची, मागे ड्रम. त्याला वाटत होतं, त्याच्या गाडीला बघण्यासारखं काही नाही. ड्रमच्या बाहेर ब्रेकचा जो दांडा असतो, त्याच्या मुळाशी एक छोटा बाण असतो आणि ड्रमच्या झाकणावर खूण. पेडल पूर्ण दाबून धरायचं आणि बघायचं. बाण खुणेपर्यंत आला असेल तर लायनर संपलं, मग नट कितीही आवळला तरी उपयोग नाही. त्याच्या गाडीवर बाण मातीखाली होता. ओल्या फडक्याने पुसला, त्याने पेडल दाबलं आणि बाण खुणेच्या अगदी अलीकडे येऊन थांबला. नट मात्र आवळण्याच्या शेवटच्या आट्यांवर होता. लायनर त्याने त्याच आठवड्यात बदललं.

माझ्या पॅडचं माप मी गणपती झाल्यावर पुन्हा घेतलं, या वेळी कॅलिपर न काढता, आरसा आणि व्हिडिओवरून. आतला आणि बाहेरचा पॅड सारखाच, खाच दोन्हींवर टोकापासून टोकापर्यंत एकसारखी. टाकीतलं ऑइल वरच्या रेघेच्या थोडंसं खाली. वरच्या पिनेची टोपी बोटाने दाबून बघितली, चीर नाही. पुढची तपासणी मे महिन्यात, पहिल्या पावसाच्या आधी, आणि तेव्हा दोन्ही पिना बाहेर काढूनच.